फी माफ झाली, पुढे?

शिक्षण महागले म्हटले की चर्चा खासगी शाळांच्या फीवर येऊन थांबते. ती फी अवाच्या सवा आहे, हे खरेच. पण गरिबाघरची गळणारी बरीच मुले त्या शाळांच्या वाटेलाही गेलेली नसतात. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात. तिथे फी नाही, पुस्तके फुकट, दुपारी खिचडी. तरी शाळा सुटते. बीडकडचे ऊसतोड कुटुंब पाहा. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवराबायकोचा कोयता दिवाळीच्या आगेमागे कारखान्याकडे निघतो आणि उन्हाळा लागल्यावर परततो. थोरली मुलगी सोबत असली की धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, कोपीवर भाकऱ्या थापणे तिच्याकडे येते. तेव्हाच आईला फडात मोळ्या बांधता येतात. ही मुलगी शाळेत बसली तर आईची मजुरी बुडते. हा खर्च कुठल्याही पावतीवर नसतो, म्हणून कुठल्याही माफीत बसत नाही.

शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. नेमक्या त्याच वयात पोर कमावते होते, आणि पुढची शाळा लांब पडली की जाण्यायेण्याचा खर्चही वाढतो. 2024 मध्ये राज्याने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय चांगलाच, पण त्याचा लाभ तिथवर पोचलेल्या मुलीला. रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची पोरे प्राथमिक शाळेलाही मुकतात, हे जोतीराव फुल्यांनी 1882 मध्येच हंटर आयोगापुढे मांडले होते.

यावर ठरलेले उत्तर येते: जिद्द असली की रस्त्यावरच्या दिव्याखालीही शिकता येते. येते ना! पण त्या दिव्याखालून जे उठून कामाला गेले, त्यांचे सत्कार होत नाहीत, म्हणून ते मोजलेही जात नाहीत. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: बुडणाऱ्या मजुरीपोटी हातात पैसे दिले तर ते शिक्षणावरच खर्च होतील कशावरून? तर मग पैसे न देता निवारा आणि जेवण द्यावे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, पुढे भाऊराव पाटलांनीही तोच मार्ग धरला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आजही आहे. मात्र ही वसतिगृहे टोळ्या गाव सोडण्याआधी सुरू झाली पाहिजेत. ट्रक निघून गेल्यावर आलेली मंजुरी फाइलीच्या कामाची, मुलीच्या नव्हे.