रचनाकाराचा रकाना

तीन महिन्यांपूर्वी एका बंदिशीच्या नोंदीत, 'रचनाकार' या रकान्यात, मी माझं नाव लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. ते नाव अर्धंच खरं आहे, हे मला लिहितानाही ठाऊक होतं.

चाळीस वर्षांच्या गाण्याचा ऑनलाइन संग्रह करायचा, हे बरेच दिवस मनात होतं. घरात दोन ट्रंका भरून कॅसेट आहेत. दर पावसाळ्यात फितींना बुरशी धरते, एखादी चिकटते, एखादी तुटते. म्हणून ठरवलं, की शिष्य, साथीदार, जुने श्रोते यांच्यापैकी ज्याच्याकडे जे असेल ते त्याने चढवावं, नोंद करावी, चुकलेलं दुरुस्त करावं. हा संग्रह सगळ्यांचा, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचं गाणं ऐकायला आपल्याकडे एकही ध्वनिमुद्रण नाही, हेही आवर्जून सांगायचो. पण खरं सांगू? भास्करबुवांचं नाव घेताना मी माझ्याच फितींचा विचार करत होतो. त्यात परंपरेची काळजी किती होती आणि माझ्यामागे माझं काय उरेल ही धास्ती किती?

ती बंदिश बागेश्रीतली, मध्यलय तीनतालातली. अस्थाई माझी. अंतरा मात्र आठवडाभर अडला होता. गुरुजींच्या स्वयंपाकघरात माझी गुरुभगिनी मेथी निवडत बसली होती आणि मी दारात मुखडा गुणगुणत होतो. तिने मान वर न करता मध्यमावरून उठून तार षड्जापर्यंत जाणारी ओळ म्हटली, मग दुसरी. अंतरा झाला. ती पुढे मंचावर फारशी गायली नाही, शिकवत राहिली. मी ती बंदिश माझी म्हणून गात आलो. आणि दाद येते ती बहुतेक वेळा अंतऱ्यालाच.

एक सापडलं की त्याच्यामागून दुसरं निघतं. एका शिष्याने १९९१ सालची मैफल चढवली. तीत द्रुत एकतालात माझी सम हुकली आहे. तबलजींनी ठेका अगदी सरळ, मोकळा केला आणि दोन आवर्तनांत मला जागेवर आणलं. त्या रात्री मी तेवढी चार मिनिटं कापून टाकली. शिष्याने विचारलं तेव्हा म्हणालो, फीत खराब होती. मी माझी चूक लपवली, असं त्या वेळी स्वतःला समजावलं. पण तबलजींचं त्या मैफलीतलं सर्वांत सुंदर काम त्या चार मिनिटांतच नव्हतं का?

आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे सादरीकरणाचे हक्क आले. त्यांच्याविषयी मी तावातावाने बोललो आहे. तेच हक्क तबलजींना आहेत, हार्मोनियमवाल्यांना आहेत. त्यांची वाजवणूक असलेल्या मैफली चढवण्याआधी मी किती जणांना विचारलं? दोघांना. तानपुऱ्यावर बसलेल्या मुलामुलींची नावं तर मला आठवतही नाहीत.

गोहरजानने १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचं नाव उच्चारते. तीन मिनिटांच्या त्या तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव टिकलं. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांच्या लेबलांवर साथीदारांची नावं छापलीच जात नसत. तिथे जागा थोडी होती असं म्हणता येईल. माझ्याकडे रकाने हवे तितके होते. मग मला कशाने अडवलं?

भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग उभे केले. चिजा द्यायला नाखूश असलेल्या उस्तादांना मी नेहमी कोत्या मनाचं ठरवत आलो. आज वाटतं, ते चीज लपवत होते. मी चीज देतो आणि माणूस लपवतो. यांतलं जास्त वाईट कोणतं?

मग वाटलं, आता उठून नाव दुरुस्त करणं हाही मोठेपणा मिरवण्याचाच प्रकार नसेल ना? त्या शंकेत मी आणखी आठ दिवस घालवले. शंका प्रामाणिक होती, पण ती सोयीचीही होती. शेवटी गुरुभगिनीला फोन केला.

"अरे, तो अंतरा अजून गातोस तू?" ती म्हणाली. "मी आता दुसरी ओळ बदललीय. मुलींना तशीच शिकवते."

नावाचं तिने काही विचारलं नाही. मी सांगितलं तेव्हा क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "लिही." मला तिचं गप्प राहणं अजून ऐकू येतं.

याच बंदिशीचा वेगळा मुखडा माझ्या एका शिष्येने संग्रहात नोंदवला होता. मी तो न ऐकताच माझ्यासारखा करून ठेवला होता. परवा तो नीट ऐकला. समेवर यायची तिची वाट माझ्यापेक्षा मोकळी आहे. सगळ्यांचा संग्रह म्हणजे आपलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यात बदलू देणं, एवढंच मला सध्या कळलं आहे. ते पेलेल का, हे गात राहूनच कळेल.

रकान्यात आता दोन नावं आहेत. तिचा बदललेला अंतरा आणि शिष्येचा मुखडा माझ्या पाठाशेजारी आहेत. कापलेली चार मिनिटं परत जोडली आहेत, तबलजींना विचारून. शिष्याला मात्र फीत खराब नव्हती हे अजून सांगितलेलं नाही. त्याने ते इथे वाचण्याआधी मला त्याच्याकडे जायचं आहे.