माय कानबाई, यंत्राला तुझा हात लागू दे

माय कानबाई, आज खानदेशात तुझा रविवार. नागपंचमी सरली. माझ्या गावी, नरडाण्यात, एव्हाना तुझ्या नारळाला नथ चढली असेल, धुतलेल्या चक्कीवर रोटाचे गहू पडले असतील, गंगाफळ चिरायला घेतलं असेल. पोटामागं सुरतेला, पुण्याला गेलेले भाऊबंद मिळेल त्या गाडीनं गावात पोचले असतील. मी मात्र मुंबईत, लॅबमध्ये. पेशींना आज खायला घालायचं आहे आणि पेशींना वार कळत नाहीत. म्हणून इथूनच हात जोडते. हातांत दुहेरी ग्लोव्हज आहेत, तेवढं चालवून घे.

आधी तुझी करणी बोलते. माणसाच्या रक्तातली टी पेशी ही एक पांढरी पेशी, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. शरीराबाहेर काढली की नुसती पडून राहते आणि हळूहळू मरते. तिला जागं करायची युक्ती तू ठेवलीस कुठं, तर राजम्यात! 1960 साली फिलाडेल्फियाच्या पीटर नोवेल यांनी पाहिलं, की तांबड्या पेशी वेगळ्या काढायला घातलेला राजम्याचा अर्क पांढऱ्या पेशींना दुपटीला लावतो. तोवर मोठमोठे जाणकार म्हणत, की या पेशींची वाढ संपलेली असते. 1976 मध्ये मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी या पेशी बाहेर दीर्घकाळ वाढवणारा घटक दाखवला. राजम्याचं काम आता प्रतिपिंडं करतात. पण मायक्रोस्कोपखाली जागं होणं तसंच दिसतं: सुट्यासुट्या गोल पेशी फुगतात, एकमेकींना चिकटतात, त्यांचे घोस होतात. मोजताना निळा रंग घातला की मेलेल्या निळ्या होतात, जित्या चमकत राहतात. ते बघायचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

आमच्या माणसांनाही तू बुद्धी दिलीस. 4 जून 2021 रोजी खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार-19’ला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, 4 एप्रिल 2024 ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. पेशंटच्याच टी पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत एक नवं जनुक घालायचं, वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या. मग त्या पेशी रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांना शोधून मारतात. सगळे पेशंट बरे होत नाहीत माय, हे तुझ्यापुढं लपवत नाही. चाचणीत दहांतल्या सातेकांना गुण आला.

हे काम तुझ्या रोटासारखं आहे. ज्या घरचा रोट त्याच भाऊबंदकीनं खायचा, बाहेर द्यायचा नाही. तशी ही पेशींची पिशवी ज्याच्या नावाची त्याचीच. आमच्याकडे रोटाला घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. बाईच्या नावाची मूठ नसते, तू स्वतः बाई असून. असो, तो वाद घरी गेल्यावर. लॅबमध्ये बाईची पिशवी असते आणि तिच्यावर नाव, नंबर, बारकोड सगळं असतं. पहिलं मागणं हेच: एकाची पिशवी दुसऱ्याला कधी जाऊ देऊ नको.

दुसरं मागणं यंत्राचं. पेशी हातानं वाढवायच्या म्हणजे अंगभर पांढरा सूट, हवा गाळलेलं कपाट, झाकण उघडा, जुनं द्रव काढा, नवं घाला, 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये परत ठेवा. जितक्या वेळा झाकण उघडेल तितक्या वेळा जंतूला दार उघडं. एक जंतू शिरला तर सगळी पिशवी फेकायची, आणि तिकडं पेशंटकडे पुन्हा पेशी द्यायला ताकद उरलेली असेलच असं नाही. जर्मनीत बनलेलं प्रॉडिजी नावाचं यंत्र हेच सगळं बंद नळ्यांच्या आत करतं: पेशी निवडतं, त्यांना जागं करतं, विषाणू पाजतं, वाढवतं, धुतं. रात्री दोनला द्रव बदलायचं असेल तर त्याला जांभई येत नाही. तुझ्या रविवारी ड्युटी लागली म्हणून ते कुरकुरत नाही.

पण आंधळेपणानं मागत नाही. एक यंत्र एका वेळी एकाच पेशंटच्या पेशी सांभाळतं, त्या संपेपर्यंत अडकून पडतं, आणि त्याचा नळ्यांचा संच एकदा वापरून फेकायचा. पवईच्या आयआयटीतल्या लोकांनी उपचार स्वस्त केला तो विषाणू स्वतः बनवून आणि महागडी स्वयंचलित यंत्रं टाळून. अमेरिकेत जे तीन-चार कोटींना मिळतं ते इथं तीस-चाळीस लाखांवर आलं. मग मी यंत्र का मागते? कारण हात मोजके आहेत. सूट चढवून उभं राहणारी माणसं तयार व्हायला काळ जातो, आणि पेशंट मोठ्या संख्येनं आले तर हातांवर हे निभणार नाही. म्हणून यंत्र दे, पण आपल्याकडे बनलेलं दे, परवडणारं दे. आणि ते आल्यावर त्याच्या पडद्यावरच्या हिरव्या दिव्यावर विसंबून आम्ही घोस बघायचं सोडू, तेवढा आळस आमच्यात येऊ देऊ नको. थर्मामीटर बरोबर असतो, तरी आई कपाळाला हात लावतेच.

तिसरं मागणं गावासाठी. नरडाण्याला एमआयडीसी आहे, रेल्वे आहे, आग्रा रोड दारातून जातो. शिरपूरला फार्मसीची पोरं शिकतात आणि नोकरीला बाहेर जातात. त्या निर्जंतुक पिशव्या, त्या नळ्या तिथं का बनू नयेत? कुणा कारखानदाराच्या मनात हे घाल. सरकारच्या योजनेत हा उपचार पुरता बसव. तीस लाख ही रक्कम कमी झाली म्हणतात, पण कोरडवाहू कापसावर ती कुणाची पिढ्यान्‌पिढ्या फिटायची नाही. माय, रात्रीच्या एसटीनं फाइल काखेत मारून मुंबईला निघालेल्या बापाला शेत न विकता हा उपचार मिळू दे.