तळ्याचे ऋण

हस्त नक्षत्राच्या सुमारास आम्हां तेलंगणातल्या मराठी घरांतून पाटावरच्या हत्तीभोवती मुली भोंडल्याचा फेर धरतात, तेव्हा शेजारच्या अंगणात बतुकम्मा रचली जात असते. तरवड, कुरडू, झेंडू अशी रानची आणि परसातली फुले ताटात थरावर थर लावायची, टाळ्यांच्या तालावर भोवती गात फिरायचे आणि अखेर ती गावतळ्यात सोडायची. आपल्या भोंडल्याला खिरापत आहे, तळे नाही. २०१४ साली या सणाला राज्योत्सवाचा मान मिळाला. पण पाऊस सरताना भरलेल्या तळ्याचे कौतुक त्यात फार पूर्वीपासून आहे.

प्रश्न असा की, फुले वाहिली म्हणजे ऋण फिटले काय?

शतपथ ब्राह्मणाने माणसाची चार ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. त्यांत तळ्याचे नाव नाही. मला मात्र ते पितृऋणातच आले आहे असे वाटते. तेलंगणातली बहुतेक तळी ही काही निसर्गाची देणगी नव्हे. उताराला बांध घालून माणसांनी ती केली. रामप्पा आणि पाखाल हे काकतीयांच्या काळचे तलाव आजही शेते भिजवतात. तेव्हा 'निसर्गाचे आभार' म्हणणे अपुरे आहे. पाट्या वाहणाऱ्या, नाव न उरलेल्या हातांचे काय? बतुकम्मेचा आरंभ सर्वपित्री अमावास्येलाच होतो, हे मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. आणि पितृऋण पितरांना परत करता येत नाही, ते पुढच्या पिढीलाच चुकवावे लागते. तळ्याचे ऋण फेडायचे म्हणजे तळे पुढे द्यायचे, गाळ काढून, सांडवा मोकळा ठेवून. २०१५ साली 'मिशन काकतीय'खाली ४६ हजारांवर तलाव दुरुस्त करण्याचा संकल्प झाला आणि शेतकऱ्यांनी तळ्यातला गाळ आपल्या शेतांत नेऊन टाकला. ही फेड.

मग फुले हा नुसता उपचार? तसे म्हणणारे सुशिक्षित पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मुदतीच्या कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे: मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने कर्ज लेखी कबूल केले, की मुदत नव्याने सुरू होते. कबुली म्हणजे फेड नव्हे, पण तिच्यावाचून कर्ज बुडीत जाते. बायका दरवर्षी तळ्याकाठी जाऊन हीच कबुली देतात. शिवाय पाणी किती उतरले, काठ कुणी बळकावला, हे गावातल्या निम्म्या माणसांना त्या निमित्ताने दिसते.

म्हणूनच शहरांतून विसर्जनासाठी बांधल्या जाणाऱ्या सिमेंटच्या कुंडांविषयी माझे मन दुभंगते. प्लास्टरच्या, रंगवलेल्या मूर्तींना ती हवीतच. त्यावाचून तलाव वाचणार नाहीत. पण तरवडा-कुरडूची फुलेही कुंडात सोडून माणसे तिथूनच घरी परतू लागली, तर तळ्याची वाट कुणाच्या पायाखाली राहील? आणि वाटच मोडली, तर पलीकडे प्लॉट पडले काय किंवा इमारत उठली काय, कुणाला कळणार?