शिष्यवृत्ती उपकार नाही, मग देणं कुणाचं?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर गर्दी होते. पवनीही त्याला अपवाद नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला. मग महाडीबीटीवर लॉगिन, आधारचा ओटीपी आणि 'अर्ज प्रलंबित' असे दोन शब्द, जे पुढे कित्येक महिने मोबाईलवर दिसत राहतात. या सगळ्यात एक प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही: आपल्या शिक्षणाचे पैसे दुसऱ्यानं भरले, तर आपण त्याचे काय लागतो? ऋणी की हक्कदार?

हा प्रश्न पवनीत विचारायला एक कारण आहे. इथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यानं दिलं त्याचं नाव दगडावर राहिलं. त्या दानाचा लाभ कुणाला झाला, त्यांची नावं कुठंच नाहीत. आज बरोबर उलटं झालंय. देणारा, म्हणजे कर भरणारा प्रत्येक माणूस, अदृश्य आहे. आणि घेणाऱ्याला आपलं नाव, जात, बापाची कमाई आणि बँकेचा खाते क्रमांक, सगळं मांडून दाखवावं लागतं.

मदतीची जुनी रीत व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारी होती. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोट भरायचं, पण कुणाच्या ताटात जेवलो हे जन्मभर लक्षात राहायचं. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात करार होता: शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी. 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही हाकललं गेलं. ज्याला फेडायचं होतं, त्याला समाजानं फेडूच दिलं नाही.

पुढे 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. फरक पैशांचा नव्हता, स्वरूपाचा होता. राजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट नियमात आली. मर्जी असली की हात जोडावे लागतात. नियम असला की अर्ज करता येतो आणि पैसे आले नाहीत तर जाबही विचारता येतो. म्हणून शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं मान खाली घालायचं कारण नाही.

तरीही कुणीतरी टोमणा मारतंच: 'आमच्या टॅक्सच्या पैशावर शिकतात.' त्याला एक साधा प्रश्न विचारा. सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा आयआयटीत जो मुलगा 'स्वतःच्या मेरिटवर' शिकतो, त्याच्यावर होणारा सगळा खर्च त्याच्या फीमधून निघतो का? निघत नाही. उरलेलं समाजच भरतो. पण त्याच्याकडे कुणी दाखला मागत नाही, म्हणून त्याला वाटतं आपण कुणाचंच घेतलं नाही.

आता खर्चाचं खरं गणित. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मोठा निर्णय आहे. पण समजा पवनीजवळच्या गावातल्या मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला. खोलीचं डिपॉझिट, मेस, बसभाडं, लॅपटॉप यांना माफी नाही. कॉलेज सुरू होतं तेव्हा धानाची रोवणी चालू असते आणि घरातले दोन हात कमी होतात. त्याची किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही. एवढ्यात धाकटा भाऊ दहावीला असेल तर बाप मनात हिशोब मांडतो: एकालाच पाठवता आलं तर कुणाला? फी माफ झाली तरी हा निर्णय बहुतेकदा उरलेल्या खर्चावरच होतो.

आणि इथंच हक्काची दुसरी बाजू येते. ज्याच्या घरी ठेकेदारी आहे, ट्रॅक्टर आहे, तोही कधी कधी कमी उत्पन्नाचा दाखला काढतो. 'सगळेच काढतात.' पण सरकारी वसतिगृहात खाटा मोजक्या असतात. खोट्या दाखल्यानं मिळालेली खाट सरकारची जात नाही, यादीत पुढच्या क्रमांकावर असलेल्या मुलीची जाते. तिचं नाव त्याला कधी कळत नाही, म्हणून चोरी केल्यासारखं वाटत नाही. एवढंच.

म्हणून मला वाटतं, हक्क म्हणून घेतल्यानं देणं संपत नाही, त्याचा पत्ता बदलतो. ते राजाला परत करायचं नसतं, सरकारलाही नाही. आंबेडकरांनी बडोद्याची दहा वर्षं दिली नाहीत. पण 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. देणं मागे न जाता पुढे गेलं.

प्रत्येकाला कॉलेज काढता येत नाही, आणि ज्याच्या डोक्यावर घरचं कर्ज आहे त्याच्याकडून कुणी त्यागाची अपेक्षाही करू नये. पण ज्यानं एकदा अर्जाच्या त्रुटी निस्तरल्या, त्याला माहीत असतं कुठला कागद आधी काढायचा, बँक खातं आधारला का जोडायचं आणि शेवटच्या तारखेला साइट का उघडत नाही. पुढच्या जूनमध्ये गावातल्या एखाद्या पोरीजवळ बसून तिचा अर्ज भरून द्यायला एक दुपार लागते. त्याबद्दल कुठं नाव कोरलं जाणार नाही. पण तिची नागपूरची जागा जाणार नाही.