चेटकिणीचा टोप

‘खोटे बोलू नये’ असे आम्ही शिक्षक फळ्यावर लिहितो आणि गॅदरिंग जवळ आले की त्याच मुलांपुढे चेटकीण नाचवतो. यात काही विसंगती आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते.

अकोल्याच्या आमच्या शाळेत एकदा छोटी संगीत नाटिका बसवली होती. पेटी, तबला, मुलांची गाणी आणि राजकन्येला गुहेत कोंडणारी चेटकीण. चेटकीण मीच होतो. तागाचा पांढरा टोप घालून मी गात आलो, तोच पुढे बसलेला पहिलीतला एक मुलगा हमसाहमशी रडू लागला. मला राहवेना. टोप काढून मी म्हणालो, “अरे, मी तुमचा गुरुजी! हे सगळे खोटे आहे.” मुलगा गप्प झाला, पण सारा मांडवही गप्प झाला. नाटिका तिथेच आटोपती घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, “गुर्जी, मंग थे राजकन्या अजून गुहेतच हाय का?”

मी खरे सांगितले होते, पण भीतीबरोबर सुटकाही हिरावून घेतली होती.

मुंबईत १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले आणि मराठी बालनाट्याला नवे वळण मिळाले. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले, २०१८ साली ते नाटक नव्या संचात आले, तेव्हा वैभव मांगले. त्या वेषात पुरुष आहे, हे मुलांना कळत नाही काय? कळते. तरीही ती ओरडतात. कळणे आणि मानणे त्यांना एकाच वेळी साधते. दोहोंतले एक निवडा, असा हट्ट आपण मोठी माणसेच धरतो.

याला नाटकगृहच हवे असेही नाही. माझ्या आजोळी, अमरावतीला, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत. भुलाबाई मातीची, हे चिमुरडीलाही ठाऊक असते. तरी ती तिच्या सासरमाहेराची चिंता वाहते, मग डबा वाजवून खिरापत ओळखते. सासर पाहण्याआधीच त्याचे दुःख तिने मैत्रिणींच्या घोळक्यात गाऊन घेतलेले असते. तिला फसवले, असे कोण म्हणेल?

फसवणुकीत एकालाच ठाऊक असते, खेळात दोघांनाही. त्या मुलाला मी आधी खेळात घेतलेच नव्हते, ही माझी खरी चूक.

पुढच्या गॅदरिंगला मी सकाळीच टोप घेऊन पहिलीच्या वर्गात गेलो. मुलांनी तो हाताळला, एकीने तर घालूनही पाहिला. संध्याकाळी मी गात प्रवेश केला, तेव्हा सर्वांत मोठ्याने तीच किंचाळली, आणि लगेच खुदकन हसली.

राजकन्या सुटेपर्यंत मी टोप काढला नाही.