सुखाचा अपूर्णांक

विलेपार्ले येथे १९२३ साली, लोकमान्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली. त्याची वास्तू ‘टिळक मंदिर’ या नावाने पार्लेकरांस परिचित आहे. त्याच टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘सुखदुःखविवेक’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सुख म्हणजे काय, हा जिज्ञासूंचा नित्याचा प्रश्न त्यात पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही मतांनी तपासला आहे.

शोपेनहौरच्या मताचा परामर्श घेताना तेथे सुख अपूर्णांकाच्या रूपाने मांडले आहे. अंशस्थानी उपभोग, छेदस्थानी सुखाची इच्छा. उपभोग वाढतो, परंतु इच्छा त्याहून वेगाने वाढते. ययातीचा अनुभव याहून निराळा नव्हता. मानसशास्त्रही पुढे याच वाटेला आले. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडतीत मोठी रक्कम मिळालेल्या २२ जणांची इतरांशी तुलना केली. ते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा अशा साध्या गोष्टींतील त्यांची गोडी उणावली होती. २२ ही संख्या लहान खरी, पण निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे.

मग छेदच लहान करावा, असे कोणी म्हणेल. पण तो कोणी करावयाचा? अमर्त्य सेन यांनी १९८०च्या दशकात निदर्शनास आणले की, दीर्घकाळ वंचित राहिलेला मनुष्य आपल्या इच्छाच आखडून घेतो आणि अल्पात समाधान मानू लागतो. महात्म्याने भिक्षेतील शिळा तुकडा गोड मानला, आणि पहाटेच्या गाडीने पार्ल्यास घरकामाला येणाऱ्या बाईनेही तो गोड मानला, तर गणित दोहोंचे एकच येते. परंतु एकाने इच्छा स्वतः सोडली; दुसरीची परिस्थितीने छाटली. हा भेद अपूर्णांकास दिसत नाही. टिळकांनी असंतोषाला सरसकट दोष दिला नाही, फलाची आसक्ती तेवढी सोडावयास सांगितली, ते मला म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

भिक्षेस दारी आलेल्या महात्म्यासमोर गृहस्थ अल्पसंतोषाची स्तुती करतो. आत भांडी घासणारीचा पगार मात्र दोन वर्षांपूर्वीचाच असतो.