अचल पत्ता, चल आवाहन

एका प्रोग्रामला दुसरा प्रोग्राम चालवायचा असतो तेव्हा त्याला बोलावण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पूर्ण पत्ता कोडमध्येच लिहून ठेवतात. दुसरीत नुसते नाव घेतात. 'पाथ' नावाच्या यादीतले फोल्डर सिस्टीम क्रमाने धुंडाळते आणि त्या नावाची जी फाइल आधी सापडेल ती चालवते. उदाहरणार्थ, पायथन हा प्रोग्राम लिनक्स प्रणालीवर बहुधा 'यूएसआर-बिन'मध्ये असतो, फ्रीबीएसडीवर 'यूएसआर-लोकल-बिन'मध्ये. पत्ता लिहिलेला प्रोग्राम यंत्र बदलले की अडतो, नाव घेणारा चालतो. यामागचा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे: वस्तूची ओळख तिच्या जागेत असते, की हाकेला ओ देण्यात?

मूर्तिपूजेच्या शास्त्राने याचा नेमका विचार केला आहे. भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर एकनाथांची टीका आहे, त्याचा 27वा अध्याय प्रतिष्ठेचे अचल आणि चल असे दोन प्रकार सांगतो. अचल मूर्तीला आवाहन नाही, विसर्जनही नाही. देव तिथे आहेच. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची प्रतिष्ठापना 19 नोव्हेंबर 1801 रोजी झाली. दादर-परळच्या भाविकाला ती जागा गाठायची असते, देवाला बोलवायचे नसते.

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणेशोत्सव होतो, तिथली रीत दुसरी, चल मूर्तीची. मातीची मूर्ती घरी वा मंडपात आणली तरी पूजा व्हायची असते. मूर्तीच्या हृदयाला हात लावून प्राणप्रतिष्ठा करतात, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात, आवाहन करतात. निरोपाच्या वेळी उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित सरकवतात. त्यानंतर ती चौपाटीकडे निघते. पुढच्या भाद्रपदात माती नवी, देव तोच. ही दुय्यम उपासना नव्हे. देव चाळीतल्या खोलीपर्यंत येतो तो याच वाटेने.

नाव घेऊन शोधण्यात धोकाही आहे. यादीतल्या आधीच्या फोल्डरात कोणी त्याच नावाची फाइल ठेवली, तर तीच चालते. म्हणून अधिकाराची कामे करणारा 'सुडो' अनेक ठिकाणी वापरणाऱ्याची यादी बाजूला सारून स्वतःची ठरलेली यादी वापरतो. आवाहनाभोवती विधीचे कुंपण आहे तेही अशाच काळजीपोटी.

अचल पत्ताही कायमचा नसतो. मुंबादेवीचे देऊळ अठराव्या शतकात बोरीबंदर परिसरातून भुलेश्वरकडे आले. देवीचे नाव तेच राहिले आणि भक्त नव्या जागी पोहोचले.

तरीही निव्वळ नावावर भागत नाही. पायथनला नावाने शोधणारी स्क्रिप्ट पहिल्या ओळीत 'एन्व्ह' या शोधणाऱ्याचा पूर्ण पत्ता देतेच. शोध सुरू करायला एक ठरलेली जागा लागते. पूजेतही आवाहनाआधी संकल्प असतो. त्यात यजमान देश, काळ, स्वतःचे गोत्र आणि नाव उच्चारतो. मुंबईत गोदावरीचे दक्षिण तीर म्हणतात. लंडनच्या मराठी घरात हा उच्चार बदलावा लागतो, आवाहनाचा मंत्र बदलत नाही.